आपल्या एरियासाठी काहीतरी करायचंय, पण सुरुवात कुठून करू?

"आपल्या एरियासाठी काहीतरी करायला पाहिजे" असं म्हणणारे ढिगाने भेटतात आणि खरं सांगायचं तर त्यातले बरेच जण मनापासून म्हणत असतात, पण मग सोमवार उजाडतो, ज्याची त्याची कामं सुरू होतात आणि विषय तिथंच राहतो. आळस असतोच थोडा, पण खरी अडचण अशी की कुणाला भेटायचं, परवानगी लागते का, एकट्याने काय होणार, हे कुणी नीट सांगत नाही. म्हणून हे लिहितोय. ज्यांनी आजपर्यंत असलं काही केलेलं नाही त्यांच्यासाठी आहे, जे वर्षानुवर्षं यातच आहेत त्यांनी सोडून दिलं तरी चालेल.

माझं मत आधीच सांगून टाकतो. एकच काम घ्या, छोटं घ्या, ते नक्की कुणाच्या अखत्यारीत येतं ते शोधा, आणि काम झाल्यावर ते सांभाळणार कोण हे सुरू करायच्या आधी ठरवा. ग्रुपचं नाव, लोगो, बॅनर, उद्घाटन हे सगळं नंतर. नाहीच केलं तरी काही बिघडत नाही.

आधी चालून या

घरातून निघून पंधरा-वीस मिनिटांत जेवढं फिरून होईल तेवढाच आपला भाग धरा, अख्खं शहर डोक्यावर घेऊ नका. हातात वही किंवा मोबाइल ठेवा आणि दिसेल ते लिहीत जा. कुठला फूटपाथ मध्येच संपतो, कुठे पाणी तुंबतं, बसायला जागा आहे का, मुलं कुठे खेळतात, म्हातारी माणसं कुठला रस्ता टाळून लांबून जातात. एकदा दिवसा जा आणि एकदा अंधार पडल्यावर जा, कारण त्याच जागा रात्री पार वेगळ्या दिसतात. दिवसा मस्त शॉर्टकट वाटणाऱ्या गल्लीतून रात्री चिटपाखरू जात नाही आणि ते का, हे तिथं जाऊन उभं राहिल्याशिवाय कळत नाही. दिवा असतो पण तो झाडाच्या फांद्यांत बुडालेला असतो, किंवा दोन्ही बाजूंना इतकी लांब भिंत असते की मध्येच काही झालं तर बाहेर पडायला वाटच नाही.

आणि प्लीज एकटे जाऊ नका, म्हणजे सुरक्षेसाठी म्हणत नाहीये, आपल्याला जे दिसत नाही ते दुसऱ्याला दिसतं म्हणून. कॅनडात टोरांटोमध्ये मेट्रॅक नावाच्या संस्थेने १९८९ मध्ये महिलांसाठी सेफ्टी ऑडिटची एक पद्धत तयार केली, तिचा गाभा एवढाच की जागा सुरक्षित आहे की नाही हे तिथून रोज जाणाऱ्या बाईला विचारा, तिच्यासोबत तिथं चाला आणि ती सांगेल ते लिहा. पुढे ही पद्धत कितीतरी देशांत वापरली गेली. तेच व्हीलचेअर वापरणाऱ्यांचं, तेच लहान मुलांचं. शाळेत जाणाऱ्या एखाद्या मुलाला पुढे घालून तुम्ही मागून चाला, रस्ता ओलांडताना तो कुठे थबकतो ते बघा, पार्क केलेल्या गाडीमुळे त्याला पलीकडचं काहीच दिसत नाही हे आपल्या उंचीवरून लक्षातच येत नाही.

नकाशाचंही बघून घ्या. नैरोबीमधली किबेरा वस्ती इतकी दाट, पण अधिकृत नकाशावर तिथे जवळपास कोरी जागाच होती, मग २००९ मध्ये तिथल्याच तरुण मुलांनी जीपीएस घेऊन गल्लीबोळ फिरून ओपनस्ट्रीटमॅपवर दवाखाने, नळ, संडास, शाळा सगळं टाकलं. आपल्या भागात इतकी वाईट स्थिती नसेल, पण पाण्याचा नळ, सार्वजनिक शौचालय, बाक, रॅम्प या गोष्टी नकाशावर क्वचितच असतात. ओपनस्ट्रीटमॅप कुणालाही एडिट करता येतं आणि फुकट आहे, घरबसल्या करता येणारं हे बहुतेक सगळ्यात सोपं काम.

अजून एक. यादी करताना फक्त रडगाणं नको. अमेरिकेत क्रेट्झमन आणि मॅकनाइट या दोन अभ्यासकांनी १९९३ मध्ये एक मुद्दा मांडला होता, की वस्तीत काय कमी आहे यावरून सुरुवात केली की लोक स्वतःला गिऱ्हाईक समजायला लागतात, म्हणून आधी काय आहे ते मोजा. म्हणजे रिटायर्ड इलेक्ट्रिशियन कोण, कुणाकडे टेम्पो आहे, कुणाचा हॉल संध्याकाळी रिकामा असतो, अर्ज छान कोण लिहितं, कुणाला सगळे ओळखतात. ही दुसरी यादी पुढे पहिलीपेक्षा जास्त कामाला येते.

एकच काम निवडा

आता वहीत तीस-चाळीस गोष्टी झाल्या असतील आणि सगळ्याच करायची खुमखुमी आली असेल. थांबा. त्यातली एक.

निवडताना मी तीन गोष्टी बघतो. कामाला हद्द आहे का, म्हणजे बोट दाखवून "हे इथून इथपर्यंत" असं म्हणता येतं का. दुसरं, त्याचा त्रास आपल्या एकट्याला आहे की आजूबाजूच्या बऱ्याच लोकांना. आणि तिसरं, एक-दोन महिन्यांत झालं की नाही झालं ते स्पष्ट दिसेल का. "स्वच्छता" या परीक्षेत नापास होते, "लायब्ररीच्या मागच्या कोपऱ्यात पडणारा कचरा" पास होतो. "ट्रॅफिक" नापास, "शाळेच्या गेटसमोर झेब्रा क्रॉसिंग नाही" पास.

हाच कोपऱ्यातला कचरा घेऊ, कारण नवीन लोक नव्वद टक्के वेळा इथूनच सुरुवात करतात आणि इथेच हिरमुसतात. होतं काय, रविवारी दहा-बारा जण जमतात, कोपरा लख्ख करतात, फोटो निघतात, आणि बुधवारी तिथे पुन्हा ढीग. मग "लोकच असले आहेत" म्हणून सगळे घरी. आता झाडू हातात घेण्याआधी एक आठवडा नुसतं बघितलं असतं तर? सकाळी, दुपारी, रात्री, ज्याला जेव्हा जमेल तेव्हा तिथून जाताना दोन ओळी लिहायच्या, किती पिशव्या, कसल्या पिशव्या, कोण टाकताना दिसलं. नावं नाही लिहायची, नुसतं "कामावर जाणारे", "दुकानाचा खोका", "फर्निचर" असं. आठवड्याभरात चित्र दिसायला लागतं. पिशव्या बऱ्याचदा घरगुती असतात आणि सकाळी लवकर पडलेल्या असतात, कारण कचऱ्याची गाडी येते तेव्हा ही मंडळी कामावर गेलेली असतात आणि पिशवी दिवसभर घरात कुजवण्यापेक्षा जाता जाता कोपऱ्यात ठेवतात. म्हणजे इथे पाटी लावून किंवा ओरडून उपयोग नाही, गाडीची वेळ बदलून घेणं किंवा तिथे झाकणाचा डबा ठेवून घेणं हे खरं काम. खोके आणि थर्माकोल जास्त असेल तर मग दुकानदारांशी बोलायचं. मोडकं फर्निचर असेल तर जुनं सामान उचलायची सोय कुणाकडे आहे ते शोधायचं. कचरा तोच दिसतो पण तीन वेगळी कामं आहेत बघा.

हा कोपरा कुणाचा?

ही पायरी सगळे गाळतात आणि नंतर महिनोन्महिने चुकीच्या खिडकीवर उभे राहतात. आपल्याला रस्ता एकच दिसतो, पण डांबर एका खात्याचं, गटार दुसऱ्याचं, दिव्याचा खांब वीज कंपनीचा, त्यावरचा दिवा पालिकेचा, फांदी उद्यान विभागाची आणि खाली खोदून ठेवलंय ते टेलिफोन केबलवाल्यांनी असं असू शकतं. मोठा रस्ता तर कित्येकदा स्थानिक संस्थेचा नसतोच. मोकळी जागा सार्वजनिक वाटते पण खासगी निघते.

शोधायचं कसं? खांबावर, डीपीवर म्हणजे विजेच्या पेटीवर, चेंबरच्या झाकणावर बहुतेक नंबर किंवा खात्याची खूण असते, तिचा फोटो काढा. तिथे कधी रिपेअर करायला आलेली माणसं दिसली तर विचारा, त्यांना ऑफिसातल्या साहेबांपेक्षा जास्त माहिती असते, खरंच. नाहीतर लोकप्रतिनिधीच्या ऑफिसात फोन करून एवढंच विचारा की "हे कुणाकडे येतं". तक्रार नाही करायची त्या फोनवर, फक्त नाव आणि खातं घ्यायचं.

कुठलं काम आपलं आणि कुठलं सरकारचं हा हिशोब सगळ्यात स्वच्छ मी वाचलाय तो कराचीतल्या ओरंगी पायलट प्रोजेक्टचा. अख्तर हमीद खान यांनी १९८० मध्ये सुरू केलेला. प्रचंड मोठी वस्ती, सांडपाण्याची लाइन नाही, गल्लीतून घाण वाहते, आणि लोक वाट बघतायत की सरकार कधीतरी करेल. त्यांनी काम दोन भागांत तोडलं. घरातला संडास, गल्लीतली लाइन आणि त्या गल्ल्या जोडणारी पुढची लाइन हे रहिवाशांनी स्वतःच्या पैशाने आणि श्रमाने करायचं, मोठी मुख्य लाइन आणि सांडपाण्यावरची प्रक्रिया सरकारने करायची. युनिट काय धरलं तर गल्ली, साधारण २० ते ४० घरं, आणि प्रत्येक गल्लीने आपला एक लेन मॅनेजर निवडायचा जो पैसे गोळा करेल. प्रोजेक्टवाल्यांनी पैसे दिले नाहीत, नकाशे, मोजमाप, अवजारं आणि सल्ला दिला. सरकारी दराच्या मानाने खर्च कितीतरी कमी आला, कारण मधला कंत्राटदार गेला आणि डिझाइन साधं झालं. यातलं घेण्यासारखं काय, तर एका गल्लीला झेपेल एवढाच तुकडा तोडायचा, आणि जो तुकडा आपल्याला झेपणारच नाही त्यासाठी मात्र सरकारच्या मागे हात धुऊन लागायचं.

तक्रार अशी लिहा की कुणाला टाळता येणार नाही

"आमच्या भागात अनेक दिवसांपासून दिवे बंद असून नागरिकांना प्रचंड त्रास होत आहे, तरी त्वरित कारवाई करावी." अशी तक्रार रोज शेकड्याने येते आणि फाइलला लागते, कारण ती वाचून कर्मचाऱ्याला नक्की कुठे जायचं तेच कळत नाही. कुठला भाग? कुठला दिवा?

आता ही बघा: "शाळेच्या मागच्या गेटपासून बसस्टॉपपर्यंतच्या रस्त्यावर सलग तीन खांबांवरचे दिवे बंद आहेत. खांबांचे नंबर व फोटो सोबत जोडले आहेत. मधला दिवा लुकलुकून बंद होतो, बाकीचे दोन लागतच नाहीत. संध्याकाळी क्लास सुटल्यावर मुलं याच रस्त्याने जातात. दुरुस्ती कधी होईल ते कळवावं." चार-पाच ओळी, पण यात जागा आहे, नेमका बिघाड आहे, वापरणारे कोण ते आहे आणि शेवटी असा प्रश्न आहे ज्याला तारीख देऊनच उत्तर द्यावं लागतं. आणि हो, एका तक्रारीत एकच विषय. दिवे, खड्डे आणि कुत्री एकाच अर्जात घातली की तो अर्ज तीन खात्यांत फिरतो आणि कुणीच उत्तर देत नाही.

अ‍ॅप असेल तर अ‍ॅपवर टाका, ब्रिटनमध्ये फिक्समायस्ट्रीट २००७ पासून हेच करतंय, नकाशावर बोट ठेवायचं, फोटो टाकायचा, तक्रार आपोआप योग्य कौन्सिलकडे जाते आणि सगळ्यांना दिसते. आता बऱ्याच शहरांत असं काहीतरी असतं. पण अ‍ॅप असो की कागद, तक्रारीचा नंबर घेतल्याशिवाय हलू नका. तारीख, नंबर, कोणाशी बोललो, काय म्हणाले हे एका वहीत किंवा शीटमध्ये. दोन आठवडे वाट बघा, मग तोच नंबर देऊन विचारा. अजून दोन आठवड्यांनी एक पायरी वरच्या साहेबाला, जुने दोन्ही नंबर लिहून. आवाज चढवायची गरज फार कमी पडते, तारखाच बोलतात. आणि काउंटरवरच्या माणसावर खेकसू नका, निर्णय त्याच्या हातात नसतो, पण तुमचा कागद कुठल्या टेबलावर अडकलाय हे सांगणारा तोच असतो. काम झालं की दोन ओळींचा थँक्यूचा मेल टाका, फोटोसकट. अशी पत्रं त्यांना येतच नाहीत, त्यामुळे पुढच्या वेळी तुमचं नाव लक्षात राहतं.

दाद लागतच नसेल तर माहितीचा अधिकार आहे. सरकारी कागद बघायचा हक्क कायद्याने देणारा पहिला देश स्वीडन, तोही १७६६ मध्ये, आज शंभरहून जास्त देशांत असे कायदे आहेत. भारतात २००५ चा कायदा आहे आणि साधारणपणे ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं. इथेही प्रश्न नेमका हवा. "काम का होत नाही" हा प्रश्न नको, ते मत झालं, "या रस्त्याच्या दुरुस्तीसाठी गेल्या वर्षी किती रक्कम मंजूर झाली, किती खर्च झाली, कामाच्या आदेशाची प्रत द्या" असं.

कधीकधी स्वतः पुरावा गोळा करावा लागतो. अमेरिकेतल्या फ्लिंट शहराचं पाणी एप्रिल २०१४ मध्ये नदीवरून घ्यायला सुरुवात झाली, लोक रंग-वास-पुरळ सांगत होते आणि अधिकारी म्हणत होते पाणी ठीक आहे. २०१५ मध्ये रहिवाशांनीच व्हर्जिनिया टेक विद्यापीठाच्या टीमसोबत घरोघरी नमुने गोळा केले, त्यात शिसं सापडलं, आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये जुना पाणीपुरवठा परत जोडावा लागला. तोवर बरंच नुकसान झालेलं होतं हे खरंच. पण नुसत्या तक्रारींनी जे हललं नाही ते एका पद्धतीने भरलेल्या बाटल्यांनी हललं.

माणसं कशी जमवायची

व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप काढला म्हणजे माणसं जमली असं नसतं हो. दोनशे मेंबर, सकाळी गुड मॉर्निंगची फुलं, आणि "रविवारी कोण येणार?" विचारलं की अंगठे पन्नास आणि प्रत्यक्षात पाच. ग्रुप निरोप द्यायला ठीक आहे, माणसं मात्र दार वाजवूनच येतात.

दारावर जाऊन भाषण नको. नाव सांगा, कुठे राहता ते सांगा आणि एक प्रश्न विचारा, "या रस्त्यावर तुम्हाला सगळ्यात जास्त कशाचा वैताग येतो?" आणि मग गप्प बसा. लोक बोलतात, फार बोलतात. निघताना एक नेमकी गोष्ट मागा. "मदत कराल का" ला सगळे हो म्हणतात आणि कुणीच येत नाही, "शनिवारी संध्याकाळी सहाला अर्धा तास येता का, खांबांचे नंबर लिहायचेत" याला जो हो म्हणतो तो येतो. ज्याला जे येतं तेच काम द्या. आजोबांना खड्डे भरायला उभं करू नका, त्यांना फोन करायला द्या, ऑफिसातल्या माणसाला दर मंगळवारी न चुकता फोन करणारे आजोबा म्हणजे ग्रुपचा सगळ्यात मोठा अ‍ॅसेट.

ज्यांना कुणी बोलावत नाही त्यांना मुद्दाम बोलवा. भाड्याने राहणारे, तिथे काम करायला येणारे पण राहायला दुसरीकडे असणारे, रस्त्यावर बसून विकणारे, टीनएजर पोरं. "बागेत पोरं टवाळक्या करतात" या विषयावर मीटिंग भरते आणि त्या मीटिंगमध्ये एकही पोरगं नसतं, हे मी इतक्या वेळा बघितलंय की आता हसूही येत नाही. त्यांना विचारलं तर कळतं की संध्याकाळी बसायला दुसरी जागाच नाहीये.

पहिली मीटिंग एक तासाची ठेवा आणि तासाभरात संपवाच. मुद्दे तीनच. अर्धा वेळ तरी असाच जाईल, कुणीतरी दहा वर्षांपूर्वीचं भांडण काढेल, कुणी देशाच्या राजकारणावर जाईल, तेव्हा एकाने आधीच ठरवून सांभाळायचं की "हा विषय लिहून ठेवतो, आता दिव्यांवर येऊ". उठताना प्रत्येक कामापुढे एका माणसाचं नाव आणि एक तारीख लागली पाहिजे. "आपण सगळे बघू" म्हणजे कुणीच बघणार नाही. त्याच रात्री ते चार ओळींत ग्रुपवर टाका. मिनिट्स लिहिणं हे कंटाळवाणं काम आहे आणि म्हणूनच जो ते करतो त्याच्या हातात ग्रुपची खरी सूत्रं असतात, नवीन असाल तर हेच काम मागून घ्या.

पार्टीचा माणूस आला तर? येऊ द्या, मदत घ्या, सगळ्या पक्षांची घ्या. फक्त फ्लेक्सवर कुणाचा फोटो लागणार नाही हे पहिल्या दिवशी ठरवून टाका, नंतर ठरवायला गेलात की भांडण नक्की.

प्रत्यक्ष कामाचा दिवस

एस्टोनियात ३ मे २००८ ला सुमारे ५० हजार लोकांनी एका दिवसात जवळपास १० हजार टन बेवारस कचरा उचलला, तेरा-साडेतेरा लाखांचा देश आहे तो. सगळे या एका दिवसाबद्दल बोलतात. पण त्याच्या आधी कित्येक महिने स्वयंसेवक जंगलात, रस्त्याकडेला फिरून दहा हजारांवर जागांचे फोटो आणि लोकेशन नकाशावर टाकत होते, उचललेला कचरा कुठे न्यायचा हे ठरवत होते. दिवस एक, तयारी महिने. आपल्या छोट्या कामातही प्रमाण हेच राहतं.

तर, गोळा केलेलं कोण आणि कधी उचलून नेणार हे आधी लेखी घ्या, नाहीतर तुम्ही फक्त एका ढिगाचा दुसरा ढीग कराल. जाड हातमोजे, पाणी, प्रथमोपचाराची पेटी. सुया, फुटक्या काचा, अ‍ॅस्बेस्टॉसचे पत्रे, केमिकलचे ड्रम यांना हात लावायचा नाही, फोटो काढून खात्याला कळवायचं. विजेच्या खांबाशी, मेनहोलशी, वाहत्या रस्त्याशी तर अजिबात खेळ नको, कितीही सोपं दिसलं तरी. गटारात उतरायचं नाही, आत विषारी वायू असतात आणि माणसं मरतात. झाड लावायचं असेल तर खालून काय गेलंय ते विचारून घ्या.

काही बदल कायमचा करायच्या आधी एक दिवस करून बघता येतो. सॅन फ्रान्सिस्कोत २००५ मध्ये काही डिझायनर मंडळींनी पार्किंगच्या मीटरमध्ये पैसे टाकले आणि त्या गाडीच्या जागेवर दोन तास हिरवळ, एक झाड आणि बाक मांडला. लोक येऊन बसले. पुढे त्याचा जगभर दरवर्षी होणारा पार्किंग डे झाला. कोलंबियातल्या बोगोटात तर १९७४ पासून सुरू झालेली सिक्लोव्हिया आजही चालू आहे, रविवारी आणि सुटीच्या दिवशी १२० किलोमीटरहून जास्त रस्ते काही तास गाड्यांना बंद आणि चालणाऱ्यांना, सायकलवाल्यांना खुले. तुम्हाला गल्लीत मुलांसाठी जागा हवी असेल तर एका रविवारी परवानगी घेऊन तीन तास गल्ली बंद ठेवून बघा, विरोध करणारे शेजारी काय म्हणतात, गाड्या कुठे अडतात, सगळं खर्च न करता कळतं.

पैसे

शक्यतो लागणार नाहीत असंच पहिलं काम निवडा. लागलेच तर वस्तू मागा, रोख नको, रंगाचा डबा दिला की दिसतो. रोख घ्यावीच लागली तर दोन माणसांच्या सहीशिवाय खर्च नाही आणि हिशोब ग्रुपवर बिलांच्या फोटोसकट, अगदी किरकोळ रक्कम असली तरी. पैशावरून जितके ग्रुप फुटतात तितके कामावरून फुटत नाहीत.

मोठी कामं शेवटी सरकारी बजेटमधूनच होतात. ब्राझीलमधल्या पोर्तो अलेग्रेने १९८९ मध्ये लोकांना बसवून शहराच्या बजेटचा काही भाग कशावर खर्च करायचा हे ठरवायला सुरुवात केली, तिथून ही सहभागी बजेटची पद्धत जगभर हजारो ठिकाणी गेली, न्यूयॉर्कमध्ये २०११ पासून आहे. तुमच्याकडे असं काही आहे का ते विचारा. बहुतेक ठिकाणी सूचना द्यायची मुदत बजेट जाहीर व्हायच्या कितीतरी महिने आधी असते आणि लोक जागे होतात बजेट छापून आल्यावर, म्हणून ती तारीख आत्ताच कॅलेंडरमध्ये टाका.

सरकारी सभेत बोलायला गेलात तर

दोन-तीन मिनिटं मिळतात. लिहून न्या, घरी घड्याळ लावून वाचून बघा. पहिल्या वाक्यात काय हवंय ते, मग दोन फोटो किंवा एक आकडा, शेवटी पुन्हा तीच मागणी. दहा जण गेलात तर दहा जणांनी तेच बोलू नका, एकाने बोला, बाकीच्यांनी उभं राहा.

आणि बोलावलंय म्हणजे विचारलंय असं समजू नका. शेरी आर्नस्टाइन या बाईंनी १९६९ मध्येच लोकसहभागाची आठ पायऱ्यांची शिडी मांडली होती, अगदी खाली नुसती लोकांची बनवाबनवी, मध्ये माहिती देणं आणि मत विचारणं, वरती भागीदारी आणि सगळ्यात वर निर्णयच लोकांच्या हातात. सभेला गेल्यावर मनात विचारा, आपण कुठल्या पायरीवर उभे आहोत? निविदा निघालेली असेल, डिझाइन पक्कं असेल आणि तुम्हाला फक्त बाकाचा रंग विचारत असतील, तर रंग सांगा पण पुढच्या प्रोजेक्टला डिझाइनच्या आधी बोलवा अशी मागणी त्याच सभेच्या इतिवृत्तात लिहून घ्या.

झालं, आता सांभाळा

बाग केली, बाक बसवला, भिंत रंगवली. पहिल्या महिन्यात सगळे येतात. सहाव्या महिन्यात पाणी घालायला एकच बाई असते आणि ती चिडलेली असते.

एलिनोर ऑस्ट्रॉम, ज्यांना २००९ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं आणि ते मिळवणाऱ्या त्या पहिल्या महिला, त्यांनी जगभरातली सामायिक कुरणं, कालवे, जंगलं, मासेमारीच्या जागा अभ्यासल्या, की काही ठिकाणी लोक वर्षानुवर्षं नीट सांभाळतात आणि काही ठिकाणी वाट लावतात ते कशामुळे. जिथे टिकलं तिथे काही गोष्टी सारख्या दिसल्या: वापरणारे कोण हे स्पष्ट, नियम वापरणाऱ्यांनीच बनवलेले, लक्ष ठेवणारेही त्यांच्यातलेच, नियम मोडला तर आधी हलकी शिक्षा आणि मग वाढत जाणारी, आणि भांडण मिटवायला जवळची स्वस्त जागा. आपल्या चार झाडांना हे जसंच्या तसं लागू पडतं. पाण्याची पाळी कागदावर लावा, एका घराला महिन्यातून एकदाच येईल अशी. पाळी चुकली तर पहिल्यांदा नुसता फोन. दुसऱ्यांदा पुढच्या आठवड्यात डबल पाळी. मुलांनी झाड मोडलं तर पोलीस नको, त्याच मुलांना नवीन रोप लावायला आणि त्याला नाव द्यायला सांगा.

ज्या गोष्टी सांभाळायला माणूस मिळत नाही त्या करूच नका, असं मी सरळ सांगेन. कारंजं नको. लॉन नको. कमी पाण्यावर जगणारी झाडं, दुरुस्त करायला सोपा बाक, आणि जे खात्याच्या ताब्यात देता येईल ते लेखी देऊन टाका, म्हणजे उद्या तुम्ही घर बदललं तरी त्यांच्या रजिस्टरला ते असेल. सगळे पासवर्ड, तक्रारींची शीट, फोननंबर दोन जणांकडे तरी ठेवा.

आणि वेळच नसेल तर

असतंच असं, लहान मुलं आहेत, दोन शिफ्ट आहेत, घरी कुणी आजारी आहे. तरी जाता येता एका बंद दिव्याची तक्रार नंबर घेऊन करणं, नकाशावर एक रॅम्प टाकणं, वर्षातून एका सभेला नुसतं जाऊन बसणं, दुसऱ्याने केलेल्या तक्रारीला अ‍ॅपवर दुजोरा देणं एवढं होतंच. ज्या ग्रुपला तुमच्या कामाची गरज आहे त्यांना स्पष्ट सांगा, "मला महिन्यातून दोन तास जमतात, रविवारी नाही, फोनवरचं काम द्या." असं सांगणारा माणूस ग्रुपला फार आवडतो, कारण तो जेवढं म्हणतो तेवढं करतो. शेजारी आधीच असा एखादा ग्रुप चालू आहे का ते मात्र नवीन काढायच्या आधी बघा, बहुतेक असतोच, दोन-तीन थकलेली माणसं ओढत असतात त्याला, आणि त्यांना पुढच्या मीटिंगचे मिनिट्स लिहायला कुणीतरी हवंच असतं.